सहावी तार ‘सी’पर्यंत उतरवताना: तारा कोणत्या घ्याव्यात, गिटारात काय बदलावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साडेपंचवीस इंच स्केलची (म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी) साधी ड्रेडनॉट गिटार आहे, तिच्यावर ११-५२ चा सेट आहे (पहिली तार ११ जाडीची, सहावी ५२). आधी डी-ए-डी-जी-ए-डी (सहावीपासून पहिलीपर्यंतच्या तारांचे सूर) वाजवत होता, आता सी-जी-सी-जी-सी-डी लावलंय. सहावी तार फडफडते, छेडली की सूर आधी वर चढतो आणि मग खाली बसतो, आणि दर गाण्यानंतर पुन्हा ट्यून करावी लागते. दुकानदाराने १३-५६ चा सेट, नवीन ट्यूनिंग कीज (तारा पिळायच्या खुंट्या) आणि पितळी ब्रिज पिना (गिटारच्या पोटावरच्या ब्रिजमध्ये तारा अडकवणाऱ्या) सुचवल्या आहेत. यातलं नक्की काय घ्यावं?

आधी तारांचं बघू. हार्डवेअरचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

या ट्यूनिंगमध्ये सगळ्या तारा सारख्या उतरत नाहीत. सहावी ‘ई’वरून ‘सी’ला येते, म्हणजे चार फ्रेट खाली. पाचवी, चौथी आणि पहिली दोन-दोन फ्रेट उतरतात. तिसरी जागची हलत नाही. आणि दुसरी चक्क एक फ्रेट वर चढते, ‘बी’वरून ‘सी’ला. हे शेवटचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘ट्यूनिंग खाली आहे, तेव्हा सगळ्याच तारा जाड घ्या’ हा सल्ला या दुसऱ्या तारेपाशी चुकतो.

तारेवरचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. एक फ्रेट उतरवली की ताण सुमारे ११ टक्के घटतो, दोन फ्रेटला २१ टक्के आणि चार फ्रेटला ३७ टक्के. ५३ ची तार (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीच्या ‘ई’ला साधारण १२ किलो ताणलेली असते. तीच ‘सी’ला आणली की साडेसात किलोच्या आसपास उरते. तुमची ५२ ची त्याहूनही थोडी कमी. एवढ्या सैल तारेला बोट लागताच ती मोठा हेलकावा घेते. हेलकाव्यात ताण क्षणभर वाढतो म्हणून सूर आधी चढतो, आणि हेलकावा ओसरला की खाली येतो. ट्यूनरचा काटा नाचताना दिसतो तो याचाच. ट्यूनिंग की बदलून हा नाच थांबणार नाही.

उलटा हिशेबही सोपा आहे. एक फ्रेट उतरवून ताण पूर्वीइतका ठेवायचा तर तार सुमारे सहा टक्के जाड हवी, दोन फ्रेटला बारा टक्के, चार फ्रेटला सव्वीस टक्के. म्हणजे ५३ च्या जागी ‘सी’ला ६७ ची. गुंडाळलेल्या तारांना हे गणित अगदी काटेकोर लागू पडत नाही, पण दुकानात उभं राहून ठरवायला पुरतं. तानपुरा लावणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. काळी एक किंवा पांढरी दोनला लावायचा तानपुरा मोठा, त्याची खर्जाची तार जाड. काळी चार-पाचला लावायचा तो लहान आणि तारा बारीक. सूर आधी ठरतो, तार आणि लांबी त्याच्या मागून येतात.

आता दुकानदाराचा १३-५६ चा सेट सी-जी-सी-जी-सी-डीला लावून बघू. सेट असा असतो: १३, १७, २६, ३५, ४५, ५६. साडेपंचवीस इंच स्केलवर ताण ढोबळमानाने पहिलीचा १० किलो, दुसरीचा साडेतेरा, तिसरीचा १६, चौथीचा तेरा-सव्वातेरा, पाचवीचा बारा आणि सहावीचा सव्वाआठ. बेरीज ७३ किलो, म्हणजे १२-५३ चा सेट नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जेवढा ओढतो (सुमारे ७४) जवळजवळ तेवढीच. गिटार सुरक्षित आहे. पण वाटणी बघा. न उतरलेल्या तिसरीवर सहावीच्या दुप्पट ताण आहे. डाव्या हाताला तिसरी टणक लागेल, उजव्या हाताला सहावी लुळी लागेल, आणि तुमची मूळ तक्रार बऱ्याच अंशी तशीच राहील.

म्हणून मी या ट्यूनिंगसाठी असं करायला सांगेन: तोच १३-५६ चा सेट घ्या, पण त्यातल्या १३, ३५ आणि ४५ एवढ्या तीनच तारा लावा. दुसरी १६ ची साधी, तिसरी २४ ची गुंडाळलेली आणि सहावी ६० ची, या तीन सुट्या घ्या. ६० नाही मिळाली तर ५९ किंवा ६२ चालेल. ताण मग पहिलीपासून सहावीपर्यंत साधारण १०, १२, १३.७, १३.२, १२.२ आणि ९.५ किलो असा पडतो. बेरीज सत्तरच्या आसपास. सहावी बाकीच्यांपेक्षा थोडी सैल राहते, आणि खर्जाच्या तारेला तेवढी सैलपणाची मुभा असावी. पूर्ण ६७ ची घातली तर ताण बरोबर येतो, पण आवाज गोळीबंद व्हायच्या ऐवजी बोदा येतो आणि वरच्या फ्रेटवर सूर बिघडतो, कारण जाड तार वाकायला कचरते. उरलेल्या १७, २६ आणि ५६ या तारा टाकू नका, पुढे कामाला येतात.

हे कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. पहिलं, उजव्या हातावर. नुसत्या बोटांनी, हलक्या हाताने वाजवत असाल तर सहावी ५६-५९ मध्ये भागते. पिकने जोरात झोडत असाल तर ६२-६४ पर्यंत जा. दुसरं, स्केलवर. नटपासून (मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. २४.९ इंच आलं तर सगळे ताण साडेचार-पाच टक्क्यांनी कमी धरा आणि सहावी एक पायरी जाड घ्या. २७ इंच स्केलची बॅरिटोन (खालच्या सुरांसाठीची लांब गिटार) असेल तर उलट. तिथे लांबीमुळेच ताण बारा टक्के वाढतो. सहावी ‘बी’ किंवा त्याखाली न्यायची असेल तर साडेपंचवीस इंची गिटारशी झटापट करण्यापेक्षा बॅरिटोनचाच विचार करा. तिसरं, गिटारच्या तब्येतीवर. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकत असेल, तर आधी ब्रिज चिकटवून घ्या. तोपर्यंत कुठलीच जाड तार नको.

एक धोका मात्र ठळकपणे लक्षात ठेवा. हा सेट लावलेली गिटार कुणीतरी हौसेने नेहमीच्या ‘ई’ ट्यूनिंगला चढवली, तर बेरीज ८४ किलोच्या आसपास जाते. हलक्या बांधणीच्या गिटारचा ब्रिज तेवढ्यात उचलला जाऊ शकतो. घरात आणखी कुणी गिटार हाताळत असेल तर केसवर चिठ्ठी चिकटवा.

तारांच्या धातूबद्दल फार डोकं लावू नका. फॉस्फर ब्रॉन्झ उबदार आणि टिकाऊ. ८० टक्के तांबं-२० टक्के जस्तवाली ब्रॉन्झ सुरुवातीला झगझगीत वाजते. खालच्या सुरांत गढूळपणा वाटत असेल तर हिच्याने स्पष्टपणा येतो, पण घामट हातांना ती लवकर मरते. ‘सिल्क अँड स्टील’ तारा मात्र टाळा. त्या मुळातच कमी ताणाच्या असतात, आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. आणि ६० ची तार मिळत नाही म्हणून इलेक्ट्रिक गिटारची निकेलची तार लावू नका. अकूस्टिकवर ती बाकीच्या पाच तारांशेजारी मुकी वाटते.

आता हार्डवेअर. इथे पैसे आणि वेळ कुठे घालायचा याचा माझा क्रम नट, ट्रस रॉड (मानेचा बाक बदलणारी आतली सळई), सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) आणि सगळ्यात शेवटी कीज असा आहे. पितळी पिना या क्रमात नाहीतच.

नटवर थोडं थांबतो, कारण ‘दर गाण्यानंतर सूर हलतो’ ही तक्रार दहापैकी बहुतेक वेळा नटमध्येच सापडते. तुमच्या नटची सहावी खाच ५२-५३ साठी कापलेली आहे. तिच्यात ६० ची तार घातली की ती तळाशी बसत नाही, दोन्ही भिंतींत पाचरीसारखी अडकते. मग असं होतं: तुम्ही की सैल करता, ट्यूनर हलत नाही, आणखी सैल करता, तरी नाही, आणि अचानक ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि सूर एकदम बराच खाली जातो. नट आणि की यांच्या मध्ये अडकलेला ताण एका झटक्यात सुटला. वाजवताना हाच ताण हळूहळू झिरपतो आणि तुम्हाला वाटतं, ट्यूनिंग कीच घसरतेय. अडकलेली तार उंच बसते म्हणून पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर सूर चढा लागतो, हा वर आणखी एक त्रास.

खाच तारेपेक्षा दोन-तीन हजारांश इंच रुंद हवी, म्हणजे ६० च्या तारेला ६२ ते ६३. तळ गोल, आणि कीच्या दिशेने किंचित उतरता. तारेचा शेवटचा टेकू फिंगरबोर्डकडच्या कडेवरच पडला पाहिजे. टेकू मागे पडला की मोकळी तार सतारीसारखी झणझणते. तानपुऱ्याला ती जवारी हवी असते, इथे नको. खोलीची परीक्षा अशी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट आहे बघा. जेमतेम ०.१ मिमी पुरते. इतक्या सैल सहाव्या तारेसाठी मी ०.२ मिमीपर्यंत ठेवतो. तारेचा साधारण अर्धा व्यास खाचेत, अर्धा वर.

हे काम नट फाइलनेच व्हावं. मापाची फाइल नसेल तर सेटअप करणाऱ्याकडे जा. काम अर्ध्या तासाचं आहे. करवतीच्या पात्याने किंवा सुरीने खाच चौकोनी होते आणि एकदा जास्त खोल गेली की नट बदलावा लागतो. पाचवीची ४५ आणि चौथीची ३५ याही पूर्वीपेक्षा दोन-तीन हजारांश जाड आहेत, त्याही एकदा तपासून घ्या. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, प्रत्येक वेळी तारा बदलताना.

यानंतर ट्रस रॉड. ११-५२ उतरवून वाजवत होता तेव्हा मानेवरची ओढ बरीच कमी होती, त्यामुळे मान सरळ झाली असणार किंवा मागे झुकली असणार. फडफडीत तिचाही वाटा असू शकतो. नवीन तारा लावून, हव्या त्या ट्यूनिंगमध्ये आणून एक दिवस तशीच ठेवा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, उजव्या हाताने सहावी चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेजची (फट मोजायची) पट्टी घाला. नेहमीच्या ट्यूनिंगला ०.१५ ते ०.२ मिमी चांगलं. सैल खर्जाला ०.२५ ते ०.३ मिमी द्या. फट कमी असेल तर रॉड सैल करायचा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेरापेक्षा कमी. फिरवल्यावर पुन्हा ट्यून करून मग मोजा. चावी नीट बसत नसेल तर जोर लावू नका. रॉडच्या टोकाच्या नटचे कोपरे गोल झाले की दुरुस्ती महागात पडते.

सॅडलकडे यानंतर या. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २.६ ते २.८ मिमी आणि पहिलीची १.९ ते २ मिमी, ही या ट्यूनिंगला सोसणारी मापं आहेत. पूर्वी कुणी २.२ पर्यंत खाली आणून ठेवली असेल तर सॅडल उंच करावी लागेल. त्यासाठी खाली कागद किंवा पट्टी घालण्यापेक्षा नवीन सॅडल बसवा, विशेषतः सॅडलखाली पिकअप असेल तर. खालचा तळ सपाट नसला की एखादी तार मोठी आणि एखादी बारीक वाजते.

इंटोनेशनही, म्हणजे वरच्या फ्रेटवर सूर बरोबर लागतो का, याच वेळी बघा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर हलक्या बोटाने दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. ‘हलक्या बोटाने’ महत्त्वाचं आहे, कारण सैल तार जोराने दाबली की ती हमखास चढी दाखवते आणि लोक सॅडलला दोष देतात. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडलवरचा टेकू मागे, ब्रिज पिनांकडे न्यायचा. या स्केलवर एक मिलिमीटरला अडीच-पावणेतीन सेंटचा (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) फरक पडतो. तीन मिलिमीटर जाडीच्या सॅडलची कड पुढून मागे घासून नेली तर पाच सेंटच्या आसपास सुधारणा होते. सहाव्या तारेला बहुधा एवढीच लागते. दहा-बारा सेंटचा फरक दिसला तर तार जुनी तर नाही ना, हे आधी बघा.

ब्रिजपाशी एक बारीक गोष्ट. जाड तारेच्या टोकाला असलेल्या गोळ्याजवळ तार स्वतःभोवती पिळलेली असते, आणि तो जाडा भाग कधीकधी सॅडलवर येऊन बसतो. मग सूर बिघडतो आणि बारीक खरखर येते. असं दिसलं तर जुन्या तारेचा पितळी गोळा काढून नव्या तारेत ओवा; पीळ तेवढा खाली सरकतो. पिन बसवताना पिन हलकेच दाबून तार वर ओढा, म्हणजे गोळा पिनेच्या टोकाखाली न राहता बाजूला सरकून ब्रिज प्लेटला (ब्रिजखालच्या आतल्या लाकडी पट्टीला) घट्ट टेकतो. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि मोबाइलचा उजेड घालून खात्री करा. गोळा टोकावर टेकलेला असेल तर पिन वर येत राहते, आणि ती पितळेची आहे की प्लास्टिकची याने काही फरक पडत नाही. पिनेच्या खोबणीत ६० ची तार मावत नसेल तरच तेवढी खोबण थोडी मोठी करून घ्या.

आता कीज. बहुतेक कीजच्या दांड्याचं भोक दोन मिलिमीटरच्या आसपास असतं आणि ६० ची तार दीड मिलिमीटरची, त्यामुळे ती जाईल. की घसरते ही समजूत सहसा खरी नसते. तिच्या आतला स्क्रू आणि चाक यांची रचनाच अशी आहे की तार ओढून की उलटी फिरत नाही. सैल होते ती तारेची गुंडाळी. सहाव्या तारेला दीड ते दोन वेढे पुरे, साध्या तारांना तीन-चार, आणि प्रत्येक वेढा आधीच्या खाली. जाड तार कापण्याआधी ती काटकोनात मुडपा आणि मग मोडीच्या पुढे कापा, नाहीतर काही तारांची बाहेरची गुंडाळी आतल्या तारेवर सुटते आणि तार लावण्याआधीच मुकी होते. कीच्या पुढचा षटकोनी नट आणि मागचे छोटे स्क्रू सैल आहेत का तेवढं तपासा. ट्यून करताना नेहमी सुराच्या खाली जाऊन मग वर या. वरून खाली आणून सोडलेली तार पहिल्याच जोरकस झटक्यात आणखी उतरते.

तरीही कीज बदलाव्यात असं एकच कारण मला पटतं. तार सैल असेल तेव्हा कीच्या तेवढ्याच फिरण्याने सूर जास्त हलतो, त्यामुळे १४:१ च्या कीवर (चौदा फेऱ्यांना दांडा एकदा फिरतो) ‘सी’ नेमका पकडायला दोन-तीनदा पुढेमागे करावं लागतं. १८:१ च्या कीने हे सुखाचं होतं. पण वरचं सगळं झाल्यावरही त्रास वाटला तरच, आणि भोकांची मापं जुळतात का ते बघून.

हवामानाचंही सांगायला हवं, कारण मापं मिलिमीटरच्या दशांशात आहेत. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये लाकूड ओल धरतं, गिटारचं पोट फुगतं आणि तारा वर येतात. तेव्हा सॅडल घासून खाली आणली तर डिसेंबरमध्ये सहावी पुन्हा फडफडेल. उलट विदर्भातल्या मे महिन्यात पोट बसतं आणि तारा खाली येतात. गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवता आली तर उत्तम. नाही जमलं तर पावसाळ्यात फक्त ट्रस रॉडला हात लावा आणि सॅडलचं काम हिवाळ्यावर ठेवा.

शेवटचा भाग: याच गिटारवर मधूनच डी-ए-डी-जी-ए-डी वाजवायचं असेल तर? चालेल. सहावी, चौथी, पाचवी दोन-दोन फ्रेट चढतील, दुसरी ‘सी’वरून ‘ए’ला तीन फ्रेट उतरेल. १६ ची दुसरी तिथे जरा सैल लागेल, ४५ ची पाचवी आणि ३५ ची चौथी जरा टणक. बेरीज तरी मर्यादेतच राहते. पण एकाच कार्यक्रमात चार-पाच वेळा असं पुढेमागे केलं तर दुसरी तार कीपाशी तुटायला लागते. तसं असेल तर दुसरी गिटार घ्या आणि तिच्यावर बाजूला ठेवलेल्या १७ आणि ५६ लावा; डी-ए-डी-जी-ए-डीमध्ये १३, १७, २४, ३२, ४२, ५६ ही वाटणी चांगली बसते, कारण तिथे मधल्या तीन तारा हलतच नाहीत. नट आणि सॅडलच्या कामासाठी गिटार नेताना मात्र ती रोज ज्या ट्यूनिंगमध्ये वाजवता त्याच ट्यूनिंगमध्ये लावून न्या आणि कारागिराला तसं आधीच सांगा. नाहीतर सवयीने तो आधी ‘ई’ला चढवेल आणि सगळी मापं त्या ताणावर घेईल.